फोटोचंही निंदण करावं लागतं

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

फोटोग्राफीविषयी रेडिओवर बोला, असा निरोप आला तेव्हा मला आधी हसूच आलं. फोटो ही दाखवायची वस्तू आणि रेडिओ हे ऐकायचं यंत्र. मग वाटलं, एका परीने हे बरंच झालं. मला तुम्हाला एकही फोटो दाखवता येणार नाही, म्हणजे प्रत्येक फोटोत काय आहे ते शब्दांत सांगावं लागेल. आणि फोटोत काय आहे हे एका वाक्यात सांगता आलं नाही तर तो फोटो फसला, असं मी गेली कित्येक वर्षं शाळेतल्या मुलांना सांगत आलो आहे. तेव्हा आज परीक्षा माझीच आहे.

मी मेडशीचा. वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात आमचं गाव आहे. अकोल्याहून वाशीमकडे निघालं की पातूरनंतर घाट लागतो आणि घाट चढून वर आलं की थोड्या वेळात मेडशी येतं. आजूबाजूला डोंगर, सागाचं जंगल आणि जंगलाला खेटून वावरं. फाल्गुनात पळस पेटतो, पावसाळ्यात नाले वाहतात, विजेच्या तारेवर नीलपंख येऊन बसतो. निसर्गाचे फोटो काढणाऱ्याला आणखी काय हवं? मी शाळेत शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून या रानात हिंडलो. फोटो पुष्कळ काढले. चांगले किती निघाले, ते विचारू नका.

माझा पहिला कॅमेरा जुना, दुसऱ्याने वापरलेला याशिका. साल १९८७. तेव्हा ३६ फोटोंचा रोल असायचा आणि तो धुवायला अकोल्याला पाठवावा लागायचा. त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास आमच्या नाल्याजवळचा पळस असा फुलला होता की पान म्हणून दिसत नव्हतं. मी त्याचा फोटो काढला आणि आठवडाभर त्या प्रिंटची वाट पाहिली. प्रिंट हातात आली आणि मन खट्टू झालं. मध्यभागी एक बारकंसं लालसर झाड, वर पांढरट आकाश, उजवीकडे विजेचा खांब, खाली दगडगोटे, झाडाखाली एक बकरी आणि डाव्या कोपऱ्यात कुणाची तरी सायकल. ती सायकल माझीच होती!

स्टुडिओवाले वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी प्रिंट पाहिली आणि विचारलं, "मास्तर, यात पाहायचं काय?"

मी म्हटलं, "पळस."

"मग सायकल कशाला ठेवलीत?"

त्यांनी काउंटरखालून एक जुनी लग्नपत्रिका काढली. तिच्या जाड कागदाचे दोन तुकडे कापले, सुताराच्या गुण्यासारखे काटकोनी. ते दोन गुणे एकमेकांसमोर ठेवले की मधे चौकट तयार होते. गुणे सरकवले की चौकट लहानमोठी होते, उभी होते, आडवी होते. ती चौकट त्यांनी माझ्या फोटोवर ठेवली आणि हळूहळू आत घेत गेले. सायकल गेली. खांब गेला. आकाश निम्मं झालं. दगडगोटे गेले. आणि माझ्या डोळ्यांदेखत, आठ दिवस मनात जो पळस होता तो त्या कागदात उभा राहिला.

पण ते तिथेच थांबले नाहीत. त्यांनी चौकट आणखी खाली आणली. आता झाडाचा फक्त बुंधा, खाली पडलेला लाल सडा आणि त्या सड्यात उभी असलेली बकरी. म्हणाले, "हाही फोटो आहे. तुम्हाला पळस दाखवायचा आहे, की पळसाखालची बकरी? दोन्ही एकदम दाखवू नका. पाहणारा माणूस गोंधळतो." माझं फोटोग्राफीचं शिक्षण तेवढंच झालं. बाकी सगळा सराव.

आता असं होतं का? समोर पळस इतका सुंदर दिसत असताना फोटोत तो हरवतो कसा? याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. हात समोर पूर्ण लांब करा आणि अंगठ्याच्या नखाकडे पाहा. कोणत्याही एका क्षणी साधारण त्या नखाएवढाच भाग आपला डोळा अगदी स्पष्ट पाहत असतो. बाकीचं सगळं अंधूक असतं. डोळा भरभर फिरतो आणि मन त्यातलं हवं ते उचलतं, नको ते सोडून देतं. मी पळस पाहत होतो तेव्हा माझ्या मनाने खांब आणि सायकल केव्हाच बाजूला केली होती. कॅमेऱ्याला मन नसतं. त्याच्या दृष्टीने पळस, खांब, सायकल, बकरी सगळे सारखे. समोर जे आहे ते तो इमानदारीने उचलतो. म्हणजे मनाने जी निवड केली ती कागदावर आपल्याला हाताने करावी लागते.

आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगणं सोपं आहे. सोयाबीन पेरलं की निंदण आलंच. हिरवं तर सगळंच असतं. पण त्यातलं पीक कोणतं आणि तण कोणतं, हे ठरवावं लागतं. आणि तण म्हणजे तरी काय? सोयाबीनच्या तासात उगवलेलं ज्वारीचं धाटही तणच. ते वाईट नाही, पण या वावरात त्याचं काम नाही. फोटोच्या कडा कापायच्या या कामाला इंग्रजीत 'क्रॉप' करणं म्हणतात आणि गंमत अशी, की इंग्रजीत पिकालाही 'क्रॉप'च म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याने मला चांगलंच अडचणीत आणलं.

तेव्हा पहिली गोष्ट: फोटोला एक मुख्य जागा हवी. पाहणाऱ्याची नजर चौकटीत शिरल्यावर जिथे जाऊन टेकेल ती जागा. पाखराला उडून दमल्यावर फांदी लागते, तशी नजरेला बसायला जागा लागते. ती कुठे बसते, याचे काही ठोकताळे आहेत. नजर उजेडाकडे धावते. अंधूक भागातून स्पष्ट भागाकडे जाते. हिरव्यात लाल दिसलं की लालाकडे जाते. आणि डोळे दिसले, मग ते माणसाचे असोत की घुबडाचे, तर सगळं सोडून डोळ्यांकडे जाते. म्हणून प्राण्याचा किंवा पक्ष्याचा फोटो काढताना त्याचा डोळा स्पष्ट आला पाहिजे. पंख थोडे हलले तरी चालतील.

याच ठोकताळ्याची उलटी बाजूही आहे. तुमचा वेडा राघू फांदीवर छान बसला आहे, पण कोपऱ्यात एक पांढरी प्लास्टिकची पिशवी काट्यात अडकली आहे. नजर आधी पिशवीकडे जाणार. म्हणून फोटो पाहताना आधी त्याच्या चारही कडांवरून बोट फिरवा. घरात पाहुणे यायच्या आधी आपण कोपरे पाहतो ना, तसंच. कडेला अर्धवट कापलेलं पान, उजेडाचा डाग, तारेचा तुकडा असलं काही दिसलं तर कड तेवढी आत घ्या. पुष्कळदा दोन बोटं कापली तरी फोटो सुधारतो.

दुसरी गोष्ट, ती मुख्य जागा चौकटीत ठेवायची कुठे? नवखा माणूस बरोबर मधोमध ठेवतो, पासपोर्ट फोटोसारखी. तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड नावाचं बटण चालू करा. पडद्यावर दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघा येतील, नऊ घरं होतील. या रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या चार जागांपैकी एकीवर किंवा तिच्या आसपास मुख्य वस्तू ठेवून पाहा. ही युक्ती फोटोग्राफीपेक्षा जुनी आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली खेड्यातल्या देखाव्यांवरच्या पुस्तकात हा एक तृतीयांशाचा नियम सांगितला होता. क्षितिजाचंही तसंच. आभाळ दाटून आलं असेल तर आभाळाला दोन भाग द्या, जमिनीला एक. आभाळ कोरं असेल आणि खाली पिवळीधमक करडई असेल तर जमिनीला दोन भाग. आणि काहीही करा, क्षितिज तिरपं ठेवू नका. तलावातलं पाणी एका बाजूला सांडेल असं वाटतं!

अर्थात नियम म्हणजे पायवाट. काटे असतील तिथे सोडावी लागते. कोळ्याचं जाळं, पाण्यात पडलेलं झाडाचं हुबेहूब प्रतिबिंब, समोरून रोखून पाहणारं घुबड हे मधोमधच शोभतं.

पक्षी ज्या दिशेने पाहतो किंवा उडतो तिकडे थोडी मोकळी जागा ठेवावी. नाही तर तो भिंतीवर आपटणार की काय, असं वाटतं. आणि कापायचंच झालं तर ठामपणे कापा. हरणाचा चेहरा हवा असेल तर मानेपर्यंत या. पण गुडघ्यावर, खुराच्या किंचित वर, शेपटीचं टोक उडवून कापू नका. पाहणाऱ्याला ती चूक वाटते आणि चूक दिसली की नजर तिथेच अडकते.

आता थोडं गणित. कापल्याने फोटो लहान होतो, हे विसरायचं नाही. समजा तुमच्या मोबाइलचा फोटो १२ मेगापिक्सेलचा आहे. म्हणजे आडवे ४००० आणि उभे ३००० असे मिळून १ कोटी २० लाख ठिपके. तुम्ही रुंदी निम्मी आणि उंचीही निम्मी ठेवली, तर वाटतं की फोटो निम्मा झाला. तो निम्मा होत नाही, पाव होतो. २००० गुणिले १५००, म्हणजे ३० लाख ठिपके उरतात. पोस्टकार्डाएवढ्या ६ बाय ४ इंची प्रिंटला ते पुरतात, कारण इंचाला ३०० ठिपके धरले तरी १८०० बाय १२०० लागतात. पण त्याच तुकड्याची १८ इंच रुंद प्रिंट भिंतीवर लावायला काढली, तर इंचाला जेमतेम १११ ठिपके येतात आणि जवळून पाहिलं की पाखराची पिसं लापशीसारखी दिसतात. मोबाइलवर दोन बोटांनी पडदा ताणून जो झूम करतात, तोही बहुतेक वेळा असाच कापलेला तुकडा असतो. तेव्हा कापायच्या आधी पायांनी चार पावलं पुढे जाता येत असेल तर जावं. सगळ्यात चांगली कात्री म्हणजे पाय.

आणखी एक व्यवहाराची सूचना. मोबाइलचा फोटो साधारण ४ आणि ३ या प्रमाणात असतो आणि ६ बाय ४ ची प्रिंट ३ आणि २ या प्रमाणात. तुम्ही कापून दिलं नाही, तर प्रिंट काढणारं यंत्र उंचीतला नववा भाग तुम्हाला न विचारता कापतं. मग मोराचा तुरा गेला म्हणून आपण त्या पोरावर चिडतो. आपला फोटो आपणच कापून द्यावा.

पायांनी जवळ जा म्हटलं, पण एका ठिकाणी जाऊ नका. घरट्याजवळ. आपण जवळ गेलो की आईबाप पक्षी उडतात, अंडी उन्हात उघडी पडतात आणि आपला वास आणि वाट धरून मुंगूस, कावळा तिथे पोचतो. तिथे लांबून काढलेला आणि नंतर कापलेला बारका फोटोच चांगला. ठिपके कमी आले तर येऊ द्यात. कात्रीचा हा एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. तिच्यामुळे आपल्याला लांब राहता येतं.

आता मोठ्या देखाव्यांविषयी. मेडशीपासून लोणार फार लांब नाही, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा तर जगभर त्याचे फोटो गेले. त्याच वर्षी ते रामसर यादीतही आलं. पण लोणारच्या काठावर उभं राहून फोटो काढलेल्यांना विचारा, फोटोत काय आलं? काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटरचा तो खळगा. डोळ्यांना विराट दिसतो आणि फोटोत एखाद्या ताटलीसारखा येतो. कारण तिथे नजर टेकायला जागा नाही आणि आकार मोजायला मापही नाही. मी तिथे पाच-सहा खेपा फसलो. मग एकदा खाली उतरून कमळजा देवीच्या मंदिराजवळ गेलो आणि मंदिर एका बाजूला लहान ठेवून मागे पाणी आणि पाण्यामागे तो उभा कडा घेतला. लहान मंदिरामुळे कडा मोठा झाला. नजर आधी मंदिरावर बसते, मग वर चढते.

आपल्या या भागात कॅमेरा फार लवकर आला, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करणारे मेजर रॉबर्ट गिल यांनी लोणारच्या मंदिरांचेही फोटो काढले. १८६४ साली लंडनमध्ये त्यांच्या फोटोंचं एक पुस्तक निघालं, त्याच्या नावातच पश्चिम भारतातली वास्तुकला आणि निसर्ग हे दोन्ही शब्द आहेत. गिल १८७९ साली वारले, त्यांची कबर भुसावळला आहे. त्या काळी काचेवर फोटो घेत आणि काच कागदावर ठेवून तेवढ्याच आकाराची प्रत काढत. नंतर मोठा करून त्यातला तुकडा घ्यायची सोय सहसा नसे. सगळी मांडणी तिथेच, तिकाटणं सरकवून करावी लागे. आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर देखावा उलटा दिसे, आभाळ खाली आणि जमीन वर. ही अडचण खरं तर वरदान आहे. तुमचा फोटो उलटा धरून पाहा. झाड हे झाड राहत नाही, पक्षी पक्षी राहत नाही. नुसते उजेड-अंधाराचे आकार दिसतात आणि नजर कुठे ओढली जाते ते लगेच कळतं. चित्रकार ही युक्ती पूर्वीपासून करतात. तुम्हीही करा.

काही जण म्हणतील, कापणं ही लबाडी आहे. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराला कापाकापी आवडत नसे. पण पॅरिसच्या रेल्वे स्टेशनमागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ सालचा जगप्रसिद्ध फोटो कापलेलाच आहे, कारण तो कुंपणाच्या फटीतून काढला होता. चे गव्हेराचा जो चेहरा टी-शर्टांवर दिसतो, त्या १९६० सालच्या अल्बेर्तो कोर्दाच्या मूळ फोटोत एका बाजूला दुसरा एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला माडाच्या झावळ्या होत्या. दोन्ही कापल्या आणि तो चेहरा राहिला. कडा कापायला निसर्ग-छायाचित्रणाच्या मोठ्या स्पर्धांतही सहसा मनाई नसते. मनाई असते ती चौकटीच्या आतलं उचलून दुसरीकडे ठेवायला किंवा नसलेलं घालायला. 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने १९८२ च्या फेब्रुवारीच्या अंकावर इजिप्तच्या पिरॅमिडचा आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसवायला दोन पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले. त्यावर एवढी टीका झाली, की अजून ते उदाहरण देतात. कड कापणं म्हणजे आपण कुठे उभं राहून पाहिलं ते सांगणं. पिरॅमिड सरकवणं म्हणजे जे नव्हतं ते सांगणं.

इथपर्यंत मी अगदी निर्धास्त होतो, श्रोतेहो. कडा कापण्यात कसलं पाप? पण चार-पाच वर्षांपूर्वी हिवाळ्यात एक प्रसंग घडला, तो सांगतो.

पहाटे धुकं होतं. गावाबाहेर एका वावरात रोही उभा होता. पुस्तकात याला नीलगाय म्हणतात, आम्ही रोही म्हणतो. मोठा, निळसर करडा नर. मान वर केलेली, मागून उजेड येतोय, नाकपुड्यांतून वाफ निघते आहे. मी चार-पाच फोटो घेतले. घरी येऊन संगणकावर कापायला बसलो. खालचं सगळं काढून टाकलं. डावीकडचं काढून टाकलं. उरलं ते फक्त मान, डोकं, शिंगं, ती वाफ आणि धुकं. मेडशीच्या रानात इतका चांगला फोटो मी आधी काढला नव्हता. तो मोठा करून घेतला आणि शाळेच्या गॅदरिंगला मुलांच्या चित्रांशेजारी लावला. लोकांनी फार कौतुक केलं.

एक शेतकरी नातीचा नाच पाहायला आला होता. तो त्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, "गुरुजी, हा रोही माह्या वावरातला हाय ना?"

मी म्हटलं, "हो, तिथलाच."

"मंग माहा हरभरा कुठी गेला?"

मी हसलो. तो हसला नाही.

रात्री मूळ फोटो पुन्हा उघडला. मी कापून टाकलेल्या खालच्या भागात हरभरा होता. घाटे धरलेला, खुडलेला, तुडवलेला. मधून कळप गेल्याची वाट पडलेली. एक बुजगावणं आडवं झालेलं. आणि डाव्या कडेला, धुऱ्यावर, घोंगडी पांघरलेला एक माणूस हातात बॅटरी धरून उभा होता. रात्रभर जागल करून पहाटे त्याचा डोळा लागला होता आणि तेवढ्यात कळप शिरला. हे त्याने मला नंतर सांगितलं. फोटो काढताना मला तो दिसला नव्हता. कापतानाही दिसला नाही. मी त्याला तण समजून उपटलं होतं. मघाशी म्हटलं ना, तो इंग्रजी शब्द लक्षात ठेवा. मी जे क्रॉप केलं, ते त्याचं क्रॉपच होतं.

माझा पहिला फोटो खोटा नव्हता. रोही खरा, धुकं खरं, वाफ खरी. आणि रोहीने तरी काय वाईट केलं? त्यालाही पोट आहे. पण हरभरा कापला तेव्हा मी रोहीला कुठल्या तरी दूरच्या जंगलात नेऊन ठेवलं होतं. आमच्याकडे जंगल आणि वावर यांच्या मधे असतो तो फक्त एक धुरा. तो धुराच मी कापला होता.

मी मूळ फाइल जपून ठेवली होती, म्हणून निभावलं. तुम्हालाही सांगतो, कापलेला फोटो नेहमी वेगळ्या नावाने ठेवा, मूळ कधी पुसू नका. मी तो फोटो पुन्हा कापला. या वेळी आभाळ काढलं, उजवीकडचं रिकामं धुकं काढलं. रोही उजवीकडे वरच्या तिसऱ्या भागात आला. त्याच्या पायांपासून खाली डावीकडे येणारी तुडवलेल्या हरभऱ्याची वाट राहिली. आणि डाव्या कडेला तो माणूस, लहानसा. नजर आधी रोहीवरच बसते, कारण तो मोठा आहे आणि उजेडात आहे. पण रोही ज्या दिशेने पाहतो आहे तिकडे ती सरकते आणि घोंगडीवाल्यापाशी जाऊन थांबते. एकच मुख्य जागा, आणि तिच्यापासून निघालेली एक वाट. एका वाक्यात सांगू? रात्रभर राखलेल्या हरभऱ्यात रोही उभा आहे आणि राखणदार त्याच्याकडे पाहतो आहे.

त्याची एक प्रत मी त्या शेतकऱ्याला नेऊन दिली. त्याने ती उलटसुलट पाहिली. म्हणाला, "पोराले दाखवतो. पुण्यात हाय थो. म्हन्ते, बाबा, रातभर वावरात करता काय तुमी?"

हे सांगताना मला नयन खानोलकर यांच्या एका फोटोची आठवण होते. मुंबईत आरे कॉलनीच्या वस्तीतल्या एका अरुंद बोळातून रात्री जाणारा बिबट्या. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २०१६ साली शहरी विभागात तो फोटो पहिला आला. बिबट्याच्या वाटेवर कॅमेरा मांडून त्यांनी त्यासाठी कित्येक महिने वाट पाहिली. आता विचार करा, माझ्यासारख्या एखाद्याने तो फोटो हाती घेतला असता आणि बोळ कापून नुसता बिबट्या ठेवला असता तर? बिबट्याचे नुसते फोटो हजारो आहेत. त्या बोळामुळे आणि तिथल्या उजेडामुळे ते चित्र बोलतं. बिबट्या कुठे चालला आहे आणि भिंतीपलीकडे कोण झोपलं आहे, हे त्यात आहे. तिथे बोळ तण नव्हता, पीक होता.

मग तण कोणतं आणि पीक कोणतं हे ओळखायचं कसं? माझी रीत सांगतो आणि थांबतो, वेळ संपत आली आहे. घरातली एक जुनी लग्नपत्रिका घ्या आणि तिचे दोन गुणे कापा. जुने तीन फोटो काढा. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने एक वाक्य लिहा: मला यात काय दाखवायचं आहे. मग गुणे सरकवत चौकट आत घ्या. वाक्यात नसलेली प्रत्येक वस्तू बाहेर जाऊ द्या. हात आखडू नका. आणि शेवटी, कात्री चालवायच्या आधी, बाहेर गेलेल्या भागावरून एकदा पुन्हा नजर फिरवा. त्यात कोणी उभं तर नाही ना, ते पाहून घ्या.